घाटात ओढते का? नवी गाडी घेताना सातारा-सांगलीकरांनी काय तोलावं

ऊसबिल जमा झालं किंवा बेदाण्याची पट्टी हातात आली की घरात गाडीचा विषय निघतो. वडिलांना ॲव्हरेज देणारी हवी असते, पोराला सनरूफवाली, आणि शेजाऱ्याने मागच्या पाडव्याला घेतलेल्या गाडीबद्दल सगळ्यांचंच काही ना काही मत असतं. मग शोरूममधून दोन-तीन ब्रोशर येतात आणि आकड्यांना आकडे लावून तुलना सुरू होते. हिची पॉवर जास्त, तिची डिकी मोठी.

या तक्त्यात एक रकाना कधीच नसतो, तो म्हणजे गाडी फिरणार कुठे. साताऱ्याहून आठवड्यातून तीनदा बामणोलीला जाणाऱ्याला ज्या गोष्टीचा आधार वाटेल, तीच गोष्ट विश्रामबागेतून रोज मिरजेला जाणाऱ्याला भुर्दंड ठरू शकते. म्हणून ब्रोशर उघडण्याआधी एका कागदावर पाच गोष्टी लिहा: महिन्याला किती किलोमीटर होतात, एका दमात सलग किती, घाट किती वेळा, गाडी पूर्ण भरून किती वेळा, आणि खराब रस्ता किती. अंदाज नको. सध्याच्या गाडीचे सर्व्हिसचे कागद काढले की दोन सर्व्हिसमधलं किलोमीटरचं अंतर कळतं. बहुतेक घरांत हा आकडा सांगितल्यापेक्षा बराच कमी निघतो.

टॉर्क, पॉवर आणि यवतेश्वरचं वळण

नट सोडवताना पान्यावर हात जो जोर लावतो तो टॉर्क. तो पाना किती भराभर फिरतोय हे त्यात धरलं की पॉवर. चढावर, भरलेल्या गाडीला, कमी वेगात लागतो तो टॉर्क. आणि तो किती आहे याच्याइतकंच तो कितव्या आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेत असताना, मिळतो हेही महत्त्वाचं. ब्रोशरमध्ये हा दुसरा आकडा बारीक अक्षरात असतो. तोच आधी वाचायचा.

स्विफ्टच्या १.२ लिटर साध्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क ११२ एनएम (न्यूटन-मीटर, टॉर्कचं माप), तोही ४,३०० आरपीएमला. नेक्सॉनच्या १.२ टर्बो पेट्रोलचा (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून घालणारा पंखा) १७० एनएम, १,७५० पासून ४,००० पर्यंत. नेक्सॉनच्याच दीड लिटर डिझेलचा २६० एनएम, १,५०० पासून २,७५० पर्यंत. आता समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायला घ्या. केसपिनेसारखं वळण आलं, समोरून एसटी आली, वेग वीसवर आला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आहे आणि इंजिन १,५०० ते १,७०० आरपीएमवर फिरतंय. डिझेलला इथे काही करावं लागत नाही, ॲक्सिलरेटर दाबला की ती निघते. टर्बो पेट्रोल नेमकी टर्बो जागा व्हायच्या आधीच्या टप्प्यात असते. सेकंदभर ती दम धरते आणि मग एकदम सुटते. साधं पेट्रोल इंजिन दगा देत नाही, पण ओढतही नाही. पहिला गिअर टाकून आवाज काढावा लागतो. यातलं एक चांगलं आणि दुसरं वाईट असं नाही. महिन्यातून एकदा सज्जनगडाला जाणाऱ्याने पहिला गिअर टाकायला काहीच हरकत नसते. रोज कास रस्त्याने ये-जा करणाऱ्याचा मात्र क्लच त्या हिशेबाने झिजतो.

दुसरी बाब वजनाची. स्विफ्ट रिकामी साधारण ९२० किलो भरते, नेक्सॉन टर्बो पेट्रोल साधारण साडेबाराशे. म्हणजे रिकाम्या गाडीला टनामागे स्विफ्टमध्ये १२१ एनएम, नेक्सॉनमध्ये १३६. फार फरक नाही, आणि म्हणूनच एकट्याने टेस्ट ड्राइव्ह घेतली की स्विफ्ट चपळ वाटते. आता चार मोठी माणसं आणि सामान मिळून ३५० किलो घाला. स्विफ्ट ८८ वर येते, नेक्सॉन १०६ वर. हलकी गाडी ओझ्याने जास्त दबते, कारण तिच्या स्वतःच्या वजनाच्या मानाने ते ओझं मोठं असतं. प्रत्येक गाडीच्या गिअरचं प्रमाण वेगळं असल्याने हा हिशेब ढोबळच आहे, पण दिशा बरोबर आहे.

उंचीचाही परिणाम होतो. वर हवा विरळ होते आणि साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर शंभर मीटरला साधारण एक टक्का घटते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. समुद्रसपाटीच्या मानाने तिथे साधं इंजिन बारा-तेरा टक्के कमी ताकदीवर चालतं. टर्बो हवा दाबून आत घालतो, त्यामुळे टर्बो गाडीला हा फटका फारसा बसत नाही. जत-आटपाडीच्या माळावर राहणाऱ्याने हा परिच्छेद विसरला तरी चालेल.

साताऱ्यात शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हला हायवेवर नेतात. तिथे सगळ्याच गाड्या बऱ्या वाटतात. घाटाचा आग्रह धरा, घरची चार माणसं बसवा, एसी चालू ठेवा आणि चढावर गाडी पूर्ण थांबवून पुन्हा उचलून बघा. सांगलीत घाट नाही. मग रेल्वे उड्डाणपुलाचा चढ घ्या, पण भरलेल्या गाडीनेच.

पेट्रोल, डिझेल, सीएनजी की वीज

आधी ॲव्हरेजचा गोंधळ. ब्रोशरमधला आकडा चाचणी केंद्रात रोलरवर काढतात, एसी बंद ठेवून, ताशी ९० च्या वर न जाता. स्विफ्टचा छापील आकडा २४.८ आहे. रस्त्यावर त्यातले वीस ते तीस टक्के वजा धरा. छापील आकड्याचा उपयोग एवढाच की एकाच प्रकारच्या दोन गाड्यांत उजवं-डावं कळतं. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं. आपल्या कारखान्यांत उसापासूनही निघणारं हे इथेनॉल पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा देतं. म्हणजे वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्याला चालतील असे असतात, त्यामुळे नव्या गाडीला त्याची भीती नाही. पण ॲव्हरेज मोजताना हा वाटा लक्षात असू द्या.

आता हिशेब. समजा पेट्रोल १०५ रुपये लिटर, डिझेल ९२ रुपये लिटर आणि सीएनजी ९२ रुपये किलो. मध्यम आकाराची गाडी रस्त्यावर पेट्रोलला १४, डिझेलला १८ आणि सीएनजीला किलोमागे २२ किलोमीटर देते असं धरू. किलोमीटरला पेट्रोलचा खर्च साडेसात रुपये, डिझेलचा पाच रुपये दहा पैसे, सीएनजीचा चार रुपये वीस पैसे. डिझेल गाडी ऑन-रोड दीड लाखाने महाग असेल, तर किलोमीटरला दोन रुपये चाळीस पैशांच्या बचतीने ते पैसे फिटायला साडेबासष्ट हजार किलोमीटर लागतात. सीएनजी लाखाने महाग असेल तर तीस हजार किलोमीटर पुरतात. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला डिझेलसाठी पाच वर्षांवर थांबावं लागेल, सीएनजीसाठी अडीच. तुमच्या गावचे भाव आणि पाच उत्तरांच्या कागदावरचा आकडा घालून हे गणित घरीच करा. सेल्समन ते कधी करून देत नाही.

पण डिझेलचं खरं दुखणं पैशांत नाही, सायलेन्सरच्या वाटेत बसवलेल्या जाळीत आहे. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना डीपीएफ असतो. धुरातली काजळी तो अडवून ठेवतो आणि एक्झॉस्ट पुरेसा तापला की जाळून टाकतो. त्यासाठी गाडी गरम होऊन वीस मिनिटं तरी सलग साठच्या वर धावावी लागते. कराडहून पुण्याला जाणाऱ्याला हे कळतही नाही. पण सांगली-मिरज-कुपवाड या त्रिकोणात रोज सहा-सात किलोमीटर सिग्नल-सिग्नल फिरणाऱ्या गाडीची जाळी जळायची संधीच येत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्याकडे दुर्लक्ष झालं की गाडी ताकद कमी करते, आणि शेवटी वर्कशॉपमध्ये मशीन लावून जाळी साफ करावी लागते. तेही जमलं नाही तर जाळीच बदलायची. अर्धवट राहिलेल्या जाळण्यात जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर कारण हेच असण्याचा संभव जास्त. घरात डिझेल आणि गावातल्या गावात फिरणं अशी जोडी असेल तर आठवड्यातून एकदा हायवेवर अर्धा तास गाडी काढायची सवय ठेवावी लागते. ती ठेवणार नसाल तर डिझेल घेऊ नका, बाकी कितीही आवडली तरी.

सीएनजीत ताकदीचा तोटा असतो. स्विफ्ट-डिझायरचं इंजिन पेट्रोलवर ८२ पीएस (अश्वशक्ती) देतं, सीएनजीवर ७० च्या आसपास, आणि टॉर्क ११२ वरून १०२ वर येतो. सपाटीला हे जाणवत नाही. पसरणीच्या घाटात पाच माणसांनिशी जाणवतं. तिथे बटण दाबून पेट्रोलवर घेणं हा सरळ उपाय आहे. दुसरा तोटा डिकीचा. एक मोठी टाकी असेल तर बॅगा मांडीवर येतात. टाटा आणि ह्युंदाईच्या काही गाड्यांत दोन लहान टाक्या तळाशी बसवतात, तिथे डिकी बऱ्यापैकी उरते. मारुतीच्या २०२५ च्या व्हिक्टोरिसमध्ये तर टाकी गाडीच्या पोटाखाली आहे. स्टेपनी कुठे ठेवलीय आणि टाकी न हलवता ती निघते का, हे शोरूममध्येच काढायला लावून बघा. आणि सीएनजी घेण्याआधी तुमच्या रोजच्या वाटेवरच्या पंपावर संध्याकाळी सहा वाजता एक चक्कर मारा. रांग किती आणि दाब किती, दोन्ही कळेल. पंपावर दाब कमी असेल तर टाकी पूर्ण भरत नाही, आणि आठ-नऊ किलोच्या टाकीत सहाच किलो गॅस बसला की पल्ला त्या प्रमाणात घटतो. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तो खर्चही धरून चाला.

इलेक्ट्रिक गाडी घाट चढेल का, हा प्रश्न फार विचारला जातो. चढते, आणि मजेत चढते, कारण मोटरला शून्यापासून पूर्ण टॉर्क असतो. प्रश्न विजेचा. वाईहून पाचगणी साधारण सहाशे मीटर वर आहे. नेक्सॉन ईव्हीसारखी गाडी माणसांसकट १,८०० किलो धरली, तर एवढं वजन एवढं उचलायला तीन ते साडेतीन युनिट लागतात. रस्त्याचं नेहमीचं दीड-पावणेदोन युनिट वेगळं. ४५ युनिटच्या बॅटरीतली दहा-बारा टक्के गेली. उतरताना मोटर उलटी चालून त्यातला बराचसा भाग परत भरते. इथे एक खोच आहे. पाचगणीत हॉटेलवर शंभर टक्के चार्ज करून उतरायला लागलात तर परत आलेली वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते. मोटरचा ब्रेक लागत नाही आणि सगळा भार पायाच्या ब्रेकवर येतो. वर मुक्काम असेल तर ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर चार्जर काढा. घरी १५ अँपिअरच्या सॉकेटवर ही बॅटरी रिकामीची भरायला पंधरा तासांच्या वर लागतात. ७.२ किलोवॉटचा चार्जर बसवला तर साडेसहा-सात, पण त्यासाठी महावितरणकडून घराचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. ज्या गावात रात्री व्होल्टेज पडतं तिथे हे आधी तपासा, बुकिंग नंतर.

क्लच कोण दाबतं

ऑटोमॅटिक हा एकच शब्द चार वेगवेगळ्या यंत्रांना लावला जातो आणि तिथेच फसगत होते. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स आणि साधाच क्लच. फक्त दाबायचं काम मशीन करतं. मॅन्युअलपेक्षा पन्नास हजारांच्या आसपास महाग, ॲव्हरेज मॅन्युअलइतकंच. स्विफ्ट, डिझायर, पंच यांत हाच. दोष असा की गिअर बदलताना गाडी मान हलवल्यासारखी झटका देते, आणि चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर क्लच जळतो. मे महिन्यातल्या रविवारी पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते तेव्हा नेमकं हेच होतं. हिल-होल्ड (चढावर गाडी मागे सरकू न देणारी सोय) असलं तरी ते दोन-तीन सेकंदच धरतं. रांगेत पुढची गाडी पाच-सात मीटर जाऊ द्यायची, मग एकदाच उचलायची, मध्ये हँडब्रेक.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये क्लचऐवजी तेलातून ताकद जाते. ब्रेझा, एर्टिगा, एक्सयूव्ही ३एक्सओ पेट्रोल यांत तो मिळतो. घाटातल्या रांगेसाठी हाच सगळ्यांत निश्चिंत. किंमत आणि थोडं पेट्रोल जास्त. ड्युअल क्लच झपाट्याने गिअर बदलतो आणि चालवायला मजा येते, पण कोरड्या क्लचचा प्रकार चढावरच्या रांगेत तापतो आणि डॅशबोर्डवर इशारा येतो. नेक्सॉनचा ड्युअल क्लच तेलातला आहे, तो कमी तापतो. सीव्हीटी गुळगुळीत, मात्र जोरात दाबलं की आवाज आधी वाढतो, वेग मागून येतो.

आंबेनळी किंवा कुंभार्लीचा घाट उतरताना गाडी ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची. ऑटोमॅटिक असेल तर गिअर हाताने धरून ठेवायची सोय त्यात आहे का, हे घेतानाच बघा. न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचतं हा समज चुकीचा आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की आजचं इंजिन पेट्रोल पूर्ण बंद करतं. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू राहायलाच पेट्रोल पितं. वर ब्रेक तापून ढिले पडतात ते वेगळंच.

चेंबर आणि टायर

गावोगावचे गतिरोधक कोणत्या मापाने बांधलेत हे देव जाणे. डिझायरचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर, ब्रेझाचा १९८, नेक्सॉनचा २०८. हे आकडे बहुधा रिकाम्या गाडीचे असतात. पाच माणसं बसली की गाडी तीस-चाळीस मिलिमीटर दबते. मग डिझायरखाली सव्वाशेच्या आसपास उरतात आणि गाडी पोटाला लागते. मधल्या भागात लागली तर आवाजावर निभावतं. पुढे चेंबर, म्हणजे इंजिन ऑइलचं तळाचं पात्र, फुटला आणि ऑइलचा दिवा लागूनही दोन किलोमीटर रेटली तर इंजिन धरतं. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेली गाडी मध्येच घासते, म्हणून नुसता क्लिअरन्सचा आकडा पुरत नाही. तुमच्या गल्लीतला सगळ्यांत वाईट गतिरोधक टेस्ट ड्राइव्हमध्ये घ्या.

टायरवरचा नंबर वाचायला शिका. १६५/८० आर१४ म्हणजे टायर १६५ मिलिमीटर रुंद, आणि त्याची भिंत रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर उंच. १९५/५५ आर१६ म्हणजे भिंत फक्त १०७ मिलिमीटर. टॉप मॉडेलला मोठी ॲलॉय व्हील्स देतात ती दिसतात झकास, पण भिंत बारीक होते. धारदार कडेच्या खड्ड्यात टायर रिम आणि दगडात चेपून भिंतीला फुगा येतो, आणि असा टायर पंक्चरवाल्याच्या हातचा राहत नाही, टाकूनच द्यावा लागतो. शिराळा, पाटणकडच्या रस्त्यांवर राहणाऱ्याला मधलं मॉडेल आणि जाड टायर हाच शहाणा व्यवहार. स्टेपनी बाकी चार टायरच्याच मापाची आहे का हेही बघा. लहान मापाची असेल तर तिच्यावर ऐंशीच्या खालीच जावं लागतं.

गळीत हंगामात रात्री रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागे लाल दिवा नसताना चाललेल्या असतात. त्या दिसतात त्या फक्त तुमच्या हेडलाइटमुळे. म्हणून हेडलाइट हा सनरूफच्या आधीचा मुद्दा आहे. शक्य असेल तर एक टेस्ट ड्राइव्ह अंधार पडल्यावर घ्या आणि लो बीमवर कडेचा पांढरा पट्टा किती लांबवर दिसतो ते पाहा. महाबळेश्वरच्या धुक्यात राहणाऱ्याने मागचा फॉग लॅम्प, मागचा वायपर आणि काचेचा डिफॉगर कोणत्या मॉडेलपासून मिळतो ते विचारावं. बेस मॉडेलमध्ये बहुधा हेच गाळलेलं असतं.

तारे कसे वाचायचे

दाराचा पत्रा अंगठ्याने दाबून गाडी मजबूत की कचकड्याची हे ठरवणारे प्रत्येक गावात आहेत. बाहेरच्या पत्र्याचा अपघातात फारसा संबंध नसतो. धक्का घेतात ते आतले खांब आणि बीम. ते दिसत नाहीत, म्हणून चाचणी बघायची. गाड्या आदळवून तारे देणारी आपल्या देशाची चाचणी, भारत एनकॅप, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. गाडी ताशी ६४ किलोमीटरने समोरून ४० टक्के रुंदीवर, ५० ने बाजूने आणि २९ ने खांबाला आदळवतात. मोठ्यांसाठी ३२ आणि मुलांसाठी ४९ पैकी गुण मिळतात. मोठ्यांचे तारे दाखवणाऱ्या जाहिरातीत मुलांचे तारे वेगळे असू शकतात. नव्या डिझायरला २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅप या परदेशी संस्थेच्या चाचणीत मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे मिळाले, आणि ते तारे तिच्याच कुळातल्या स्विफ्टला आपोआप लागू होत नाहीत. ग्लोबल एनकॅपची चाचणी जुलै २०२२ पासून कडक झाली, त्यामुळे आधीचे चार तारे आणि नंतरचे चार तारे एका तराजूत घालू नका. आणि मागे बसणारे पट्टा लावणार नसतील तर या सगळ्या चर्चेला अर्थ उरत नाही.

दहा लाखांची वेस आणि विमा

चार मीटरच्या आतल्या लांबीची, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोलची किंवा १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेलची गाडी असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के. त्याबाहेर ४० टक्के. इलेक्ट्रिकला ५. छोट्या गाड्यांची डिकी अशी शेपूट तोडल्यासारखी का असते, याचं उत्तर या चार मीटरमध्ये आहे.

राज्याचा एकरकमी कर पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२, त्यावर १३. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जादा. म्हणजे ९ लाख ८० हजारांच्या पेट्रोल गाडीला १ लाख ७ हजार ८०० रुपये, आणि १० लाख ५ हजारांच्या गाडीला १ लाख २० हजार ६००. गाडी पंचवीस हजारांनी महाग, पण कर जवळपास तेरा हजारांनी वाढला. शिवाय दहा लाखांवर एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने ग्राहकाकडून घेऊन सरकारात भरलेला आयकर) कापतात. तो आयकर विवरण भरून परत मिळतो, पण विवरण भरलं तरच. त्यामुळे किंमत दहा लाखांच्या काठावर असेल तर एक मॉडेल खाली बघा.

विमा शोरूमचाच घ्यायची सक्ती नाही. दोन ठिकाणचा भाव आणा, बहुतेकदा शोरूमचाच भाव खाली येतो. जुनी गाडी विकत असाल तर तिचा नो-क्लेम बोनस नव्या गाडीच्या विम्याला लावता येतो, तो मागा. कृष्णाकाठच्या लोकांनी एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी: झिरो डेप (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई देणारा विमा) घेतला म्हणजे पुरात गेलेलं इंजिन भरून मिळत नाही. त्याला इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या सांगलीत तरी ते वगळू नका. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचं इंजिन बहुतेकदा पाण्याने जात नाही, ते स्टार्टर मारल्याने जातं. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी बॉनेटपर्यंत आलेलं असेल तर चावीला हात न लावता, फोटो काढून, गाडी टो करून न्या.

पासिंगच्या आधी

दसरा-पाडव्याला शोरूममधून एका दिवसात ढीगभर गाड्या निघतात आणि प्रत्येकीला धुण्या-पुसण्यापलीकडे वेळ दिलेला नसतो. गाडीची तपासणी डिलिव्हरीच्या दिवशी हार घालताना करायची नसते. ती कर भरून नंबर पडण्याच्या आधी, भरदिवसा उन्हात, यार्डात जाऊन करायची. चॅसिस नंबर लिहून घ्या आणि बिलावर तोच येतोय का ते पाहा. फॉर्म २२ वर, म्हणजे कंपनीच्या प्रमाणपत्रावर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. टायरच्या भिंतीवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष. ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. पाचही टायर दोन-तीन महिन्यांच्या अंतरात असावेत; एखादाच वेगळा निघाला तर का बदलला ते विचारा. मागच्या वर्षाची गाडी स्वस्तात देत असतील तर घ्यायला हरकत नाही, पण विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाते, तेवढी सूट आत्ताच पदरात पाडून घ्या.

बॉनेट, दारं, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते बोट फिरवून बघा. उन्हात पत्र्याकडे तिरकं पाहिलं की पुन्हा रंगवलेला भाग वेगळा दिसतो. रबरी पट्ट्यांवर रंगाचा थेंब दिसला तर दार रंगवलंय असं समजा. मीटर शंभरच्या वर असेल तर गाडी कुठे फिरली ते लेखी मागा. एसी, सगळ्या काचा, सगळे दिवे चालवून बघा, मग इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून खाली वाकून तेल-पाण्याचा थेंब पडतोय का ते पाहा; एसीचं स्वच्छ पाणी टपकलं तर घाबरू नका. जॅक, पाना आणि टो करायचा हुक डिकीत आहे याची खात्री करा. हँडलिंग चार्जेसच्या नावाखाली एखादी ओळ बिलात आली तर ती कशाची हे विचारून काढून टाकायला सांगा. आणि काही दोष सापडला तर तो तिथेच कागदावर लिहून सही घ्या आणि दुसरी गाडी मागा. नंबर पडण्याआधी गाडी त्यांच्या स्टॉकची असते, बदलून देणं त्यांना जड जात नाही.